जिन्यातून आलेली हाक

पटलं तर घ्या, नाहीतर द्या सोडून. पण हे माझ्या सख्ख्या मावशीवर ओढवलंय, आणि ती बाई थापा मारणाऱ्यातली नाही.

थंडीतला शनिवार. दिवेलागणीची वेळ.

जागा... वर्तमानपत्राची जुनी इमारत.

पेपर बंद पडला, छपाईची यंत्रं भंगारात गेली, आणि तळमजल्यावरच्या छपाईच्या दालनात मावशीने पाळणाघर काढलं. भिंतींवर ससे रंगवले, हत्ती रंगवले. शाईचा वास मात्र काही केल्या जाईना.

मावशीचे सासरे त्याच छापखान्यात फोरमन होते. यंत्र सुरू करण्याआधी ते जिन्यातून हाक द्यायचे, "मोकळं?" यंत्रात कुणी वाकलेलं नाही ना, हे बघून खालच्याने ओरडायचं, "मोकळं!" मगच बटण दाबायचं.

म्हातारा निवृत्त झाला, पण सवय जाते कुठे! घरी न्हाणीघराच्या दाराशीसुद्धा तीच हाक. आणि स्वयंपाकघरातून सगळे न बघताच ओरडायचे, "मोकळं!" आत कुणीतरी तोंडाला साबण लावून बसलेलं असायचं. मग काय, नुसता आरडाओरडा! हसून हसून पुरेवाट व्हायची.

त्या संध्याकाळी शेवटचं मूलही घरी गेलं. दालनात उरली फक्त मावशीची लेक, छबी. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी झालेली, एकुलती एक. ती खेळणी आवरत होती आणि मावशी बाजूच्या मोरीत पेले विसळत होती.

तेवढ्यात जिन्यातून हाक आली...

"मोकळं?"

आले वाटतं सासरे न्यायला.

"मोकळं!" मावशी तिथूनच ओरडली.

खट्...

बटण दाबल्यासारखा आवाज.

मग जमीन थरथरली. पेले एकमेकांवर वाजायला लागले. आधी हळू, मग धडधड... धडधड...

अहो, यंत्र होतंच कुठे तिथे!

"छबे!"

ओ नाही.

मावशी धावली. दालनाचं दार घट्ट. तिने ढकललं, लाथा मारल्या, हलेचना.

आत एक पुरुष किंचाळला...

आणि सगळं थांबलं.

दार सहज उघडलं. आत पुरुष नाही, यंत्र नाही. मधोमध छबी पालथी पडलेली. अंगावर साधा ओरखडा नाही. मावशीने तिला उराशी कवटाळलं आणि ढसाढसा रडली.

"त्या काकांनी हात मध्ये घातला," छबी पुटपुटली. "म्हणून थांबलं."

"कुठले काका गं?"

छबी आईकडे टक लावून म्हणाली, "आई, मी आत होते ना? मग तू मोकळं का म्हणालीस?"

सासरे घरीच होते, टीव्हीपुढे. सगळं ऐकून घेतलं. हाक कुणाची, काका कोण, काही विचारलं नाही.

"बघून म्हणालीस?" एवढंच विचारलं.

मावशीने मान खाली घातली. म्हातारा उठून न्हाणीघरात गेला, तो कितीतरी वेळ बाहेरच आला नाही.

पाळणाघर मावशीने कायमचं बंद केलं. आता छबीला स्वतःची तान्ही मुलगी आहे. माहेरी येते, हसते, चार दिवस राहते. पण बाळाला मावशीपाशी ठेवून शेजारच्या खोलीतसुद्धा जात नाही.

आणि मावशीही तिला कधी म्हणत नाही, "जा गं, मी आहे."