जयराजच्या पानावरचा पाहुणा

हंबीरराव कोरेगावच्या घरात एकटेच राहत. फौजेतून निवृत्त झाले त्याच वर्षी बायको गेली, आणि तीन वर्षांपूर्वी भांडण करून घराबाहेर पडलेला मुलगा जयराज परतलाच नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाले. शेवटी त्यांनी स्टँडजवळ कॉम्प्युटरचं दुकान चालवणाऱ्या अजमलकडून एक वेबसाइट करून घेतली. एकच पान. जयराजचा फोटो, खाली दोन ओळी : ‘कुणी रागावलेलं नाही. घरी ये.’

“पान कोन बघतंय ते कळंल का रं?” त्यांनी विचारलं.

अजमलने एका फाइलीत मावणारा छोटा डेटाबेस जोडून दिला. कुणी पान उघडलं की वेळ, किती मिनिटं थांबला, कुठल्या इंटरनेटवरून आला, सगळं आपोआप उतरायचं. प्रत्येक पाहुण्याला एक नंबर. पहिला अजमल, दुसरे हंबीरराव.

महिनाभर तिसरं कुणी फिरकलं नाही. मग एका दुपारी तीन वाजता तीन नंबर आला आणि चाळीस मिनिटं थांबला. दुसऱ्या दिवशीही तीनलाच. हंबीरराव त्या वेळी चहासुद्धा टाकीनासे झाले. नुसते मोबाइलवर ती नोंद बघत बसायचे.

पंधरा दिवसांनी त्यांनी अजमलला पाहुण्याचा ठावठिकाणा विचारला. अजमलने स्क्रीनवरची नोंद दोनदा तपासली.

“काका... ह्यो तुमच्याच घरातल्या वायफायवरनं येतोय.”

“घरात मी एकटाच हाय.”

“आनि दुसरा मोबाइल हाय का घरात?”

“न्हाई.”

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला त्यांनी वायफायच्या डब्याची पिनच भिंतीतून काढून ठेवली आणि मोबाइलच्या नेटवर नोंदी उघडून पुढच्या सोप्यात बसले. बाहेर उसाची सळसळ थांबली होती. तीन वाजले. नोंद उमटली. तीन नंबर. याच घरातून.

ते उठले नाहीत. आतल्या खोलीकडे न बघता हळूच म्हणाले, “जयराज... तूच हायस का रं?”

 जयराज डोक्याला लावायचा त्या खोबरेल तेलाचा बारीकसा वास आला. अजमलने शिकवलं होतं तसं त्यांनी मोबाइलवरूनच पानावरचं ‘घरी ये’ पुसलं आणि लिहिलं, ‘आत ये. बस.’

लगेच नवी नोंद आली. चार नंबर. याच घरातून. मग पाच. सहा. सात...

कुणी आत यायचं, ते हंबीररावांनी लिहिलंच नव्हतं. नोंदी पन्नाशीच्या पुढे गेल्या, पण तीन नंबर त्यांत पुन्हा आला नाही.