तू पड, मी मोजते

खोटं न बोलण्याचा माझा नेम आहे. तो मी एका गोष्टीसाठी मोडणार नाही. जिच्यासोबत हे घडलं, ती अजून त्याच घरात राहते.

चौथा मजला. रस्त्याकडची खोली. बुधवार, आणि वेळ भर दुपारची.

तिला दोन मुलं. ठमी तेरा महिन्यांची, बारक्या दोन महिन्यांचा. एकाचं दूध होईतो दुसरीचा लंगोट. अंग नुसतं शिणून गेलेलं, पण डोळ्याला डोळा लागायचा नाही.

डोळे मिटले की वाटायचं... यांचा श्वास थांबला तर?

म्हणून ती मोजायची. ठमीचे वीस श्वास, मग बारक्याचे वीस. आत्ता मोजले की मघाशी, तेही आठवेनासं झालं, तेव्हा तिने युक्ती काढली. वीस झाले की खाटेच्या कठड्याला कपडे वाळत घालायचा एक चिमटा. उजवीकडे ठमीचे, डावीकडे बारक्याचे.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नवरा कामावरून यायच्या आत चिमटे काढून टोपलीत टाकायची. वेड लागलं म्हणतील, मुलं जवळ ठेवू देणार नाहीत, ही आणखी एक धास्ती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "झोप घ्या." जशी काही दुकानात मिळते.

त्या बुधवारी मोठी जाऊ मदतीला यायची होती. ती शिवणकाम करायची. दोनला मशीन बंद करून निघते म्हणाली होती. घराची एक किल्ली तिच्याकडेच असायची.

दोन वाजून दहा मिनिटं झाली.

दोन्ही मुलं झोपलेली. सतरा... अठरा... आकडा निसटला. पुन्हा एकपासून. पुन्हा निसटला. तिला रडूच फुटलं.

तेवढ्यात पाठीमागून...

"तू पड गं. मी मोजते."

बाईचा आवाज. हळू, दमलेला.

मान वळवायचंही त्राण तिच्यात नव्हतं. "ताई, वीस झाले की चिमटा लावा," एवढं पुटपुटून ती खाटेशेजारी जमिनीवरच आडवी झाली.

कपाळावरून एक हात फिरला. गार होता... पण मायेचा.

जाग आली ती कुलपात किल्ली फिरल्याच्या आवाजाने. उन्हं कलली होती. पाच वाजले होते.

दारात जाऊ. खांद्याला पिशवी, पायात चपला.

"एका गिऱ्हाइकाचे कपडे उसवून पुन्हा शिवायला आले बघ ऐन वेळी. किती फोन केले तुला. रुसलीस की काय?"

"ताई... तुम्ही आत्ता येताय?"

"मग काय, आधी एकदा उडत येऊन गेले?"

"मघाशी तुम्हीच म्हणालात ना, मी मोजते म्हणून..."

जावेचं हसू ओसरलं. "काय मोजते?"

ती धडपडत उठली. बारक्याच्या नाकाशी बोट धरलं. ऊबदार श्वास. ठमीही शांत. तीन तासांत बारक्या दुधाला एकदाही उठला नव्हता.

आणि कठडा...

कठडा चिमट्यांनी भरला होता. उजवीकडे, डावीकडे, सारख्या अंतरावर. टोपली रिकामी.

"ठमीचे उद्योग असतील," जाऊ म्हणाली. पण तिचाच आवाज पडला होता. ठमीला अजून चिमटा दाबता येत नव्हता.

मग जावेने तिचा दंड धरला. "आणि हा गं?"

तिच्या बाहीला एक चिमटा होता.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मुलांचे श्वास ती मोजायची. तिचे आजवर कुणी मोजले नव्हते.

त्या संध्याकाळी तिने जावेला सगळं सांगितलं. धास्ती, आकडे, चिमटे. जाऊ तिला वेडी म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली, आणि आता रोज दुपारी मशीन बंद करून येते.

शेजारीपाजारी विचारून झालं. त्या घरात कधी काही घडल्याचं कुणाला ठाऊक नाही.

चिमट्यांची टोपली मात्र ती अजून खोलीतच ठेवते. जावेला उशीर झाला की ती टोपली खाटेपाशी सरकवते, भिंतीकडे तोंड करून पडते...

आणि मागे वळून बघत नाही.