एका पत्त्यावरचे एक्केचाळीस

चंद्रावरच्या बर्फखाणीत एक्केचाळीस माणसं अडकली होती. परतीचं यान आणि हवेचं यंत्र, दोन्ही एकाच उल्केखाली चेचली गेली. हवा उरली पाच दिवसांची, आणि पृथ्वीवरून बचावयान यायला लागणार चार. म्हणजे खेप एकच.

जाळेप्रमुख टिपणीस मात्र निवांत होते. खाणीतलं संदेशजाळं तीस वर्षांपूर्वी त्यांनीच विणलेलं. पृथ्वीने तेव्हा अख्ख्या खाणीला एकच पत्ता दिला होता. आत प्रत्येकाला घरगुती क्रमांक. पण बाहेर जाणारा निरोप 'देवडी' नावाच्या यंत्रातून जायचा, आणि देवडी तो क्रमांक पुसून वर खाणीचा पत्ता चिकटवायची.

"काका, पृथ्वीवर ही पद्धत कधीच मोडीत निघाली," संदेश-अभियंता हेमलता भोईर म्हणाली. आठ वर्षं ती हेच म्हणत होती. "नव्या पद्धतीत माणसागणिक काय, चमच्यागणिक पत्ता मिळतो."

"चमच्याला कुणाचं पत्र यायचंय?"

"चेष्टा सोडा. बचावाचं काम तिकडे यंत्रमेंदू बघतो. एक पत्ता म्हणजे एक माणूस, एवढंच त्याला कळतं. आजचा दिवस द्या, बदलून टाकते."

"दिवसभर देवडी बंद ठेवून? चाललंय त्याला हात लावायचा नाही. त्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या नावाने निरोप धाडा. एक्केचाळीस निरोप वाचून दगडालाही आकडा कळेल."

सगळ्यांनी धाडले. आचारी शेवाळेंनी गुडघेदुखी कळवली. अबोला धरलेल्या दोन भूशास्त्रज्ञांनी एकमेकांची तक्रार केली. टिपणिसांनी स्वतः, शिरस्त्याप्रमाणे, जावक क्रमांक घालून सुटकेचा अर्ज केला.

चौथ्या दिवशी यान उतरलं. न्हाणीघराएवढं. आत एकच खुर्ची, तिला मऊ पट्टे, आणि शेजारी औषधाची बाटली. यानाला डोळे नव्हते. देवडीतून येणारा निरोप आणि त्यावरचा पत्ता, तेवढंच त्याला कळायचं.

टिपणिसांनी देवडीतून यानाला हाक मारली. "मी टिपणीस बोलतोय," ते म्हणाले. "इथं आम्ही एक्केचाळीस जण आहोत."

"मी भोईर," मागून हेमलता म्हणाली. "ते खरं सांगतायत."

"मी शेवाळे."

यान मग परिचारिकेच्या मायेने बोलू लागलं.

"हो, तुमचे सगळे निरोप मिळाले. गुडघ्यांचा, भांडणाचा, अर्जाचासुद्धा. इतकी वर्षं एकटं राहिलं की माणसाचं असं होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. या, बसा. औषध घ्या. उद्यापर्यंत बाकीचे चाळीस जण नाहीसे होतील."