आभाळातल्या गाठी

साताऱ्यातल्या बोधविज्ञान प्रयोगशाळेच्या काचेच्या खोलीत पल्लवी भोईटे एकटीच बसली होती. शाल्मलीला नगरपालिकेच्या शाळेतून काढायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं, आणि प्रयोगशाळेने बोलावल्यावर तेच सांगायला ती आली होती.

पल्लवी साताऱ्याच्या पाणीपुरवठा केंद्रात पंप चालवायची. नऊ वर्षांची शाल्मली तिची एकुलती एक मुलगी. वर्गात गुणाकार चालू असताना शाल्मली दोरीच्या गाठी कागदावर उतरवत बसे. दोर वरून गेला की उभी रेघ, खालून गेला की ठिपका, अशी एक लिपीच तिने बनवली होती. कुठली गाठ न कापता सुटेल आणि कुठली कधीच सुटणार नाही, हे ती त्या रेघा-ठिपक्यांवरून सांगायची. बाई मनापासून कौतुक करत, पण त्यावर तिच्याशी बोलू शकेल असं शाळेत कुणी नव्हतं. हळूहळू ती घरीही गप्प राहू लागली. पुण्यात प्रज्ञावंत मुलांसाठी निवासी संस्था होती आणि तिथे जागा मिळत होती. मुलगी दूर जाणार म्हणून पल्लवीचा जीव तुटत होता, पण तिचं ते एकटेपण आता बघवत नव्हतं.

डॉ. फिरोज मुजावर आत आले. राज्यातल्या सगळ्या सरकारी शाळांत वापरली जाणारी ‘सोपान’ ही मुलांना शिकवणारी संगणकावरची बोधप्रणाली त्यांनी घडवली होती. पल्लवीचं म्हणणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग सोपान कसं काम करतं ते सांगितलं. त्याचा नियम एकच होता. मुलाची समज कुठवर पोचली आहे हे ओळखायचं आणि त्याला बरोबर एक पायरी पुढचा प्रश्न द्यायचा. तो प्रश्न आधी पाठ्यपुस्तकात शोधायचा, तिथे नसेल तर ग्रंथालयांत, आणि तिथेही नसेल तर राज्याने मुलांसाठी खुल्या केलेल्या कुठल्याही नोंदीत. नद्यांची पातळी, हवामान, दुर्बिणींची निरीक्षणं, सगळं त्यात आलं.

“शाल्मलीसाठी पुस्तकं केव्हाच संपली,” मुजावर म्हणाले. “मग ग्रंथालयंही संपली. बरेच दिवस सोपानकडे तिला द्यायला काहीच नव्हतं. गेल्या आठवड्यात त्याने तिला एक नवी गाठ दिली.”

पल्लवीला तो दिवस आठवला. शाल्मली घरी आली ती गुणगुणतच, आणि जेवायचंही विसरली होती. कुणा प्राध्यापकाने ती गाठ घातली असेल, असं पल्लवीला वाटलं होतं. तिने तसं विचारलं.

मुजावरांनी शेजारच्या खोलीतून डॉ. वसुधा लिमयेंना बोलावलं. पठारावरच्या रेडिओ दुर्बिणीचं काम त्या बघत. त्या समोर बसल्या.

“एका ताऱ्याच्या दिशेकडून आम्हाला रेडिओ स्पंद येतात, इथे पोचायला त्यांना दीडशे वर्षं लागतात,” त्या म्हणाल्या. “काही जोरकस, काही क्षीण. आम्ही त्यात वर्षानुवर्षं आकडे शोधले, चित्रं शोधली. हाती काही लागलं नाही, तेव्हा ताऱ्याचाच गोंगाट समजून बाजूला ठेवले. ते तुमच्या मुलीच्या लिपीत वाचता येतात. जोरकस म्हणजे दोर वर, क्षीण म्हणजे दोर खाली.”

हा योगायोग असेल, असं पल्लवी म्हणाली. आम्हीही आधी हेच म्हणालो, असं लिमयेंनी सांगितलं. पण त्या स्पंदांत प्रत्येक गाठीनंतर थोडी शांतता होती, आणि शांततेनंतर आणखी स्पंद. सोपानने शाल्मलीला फक्त शांततेपर्यंतचा भाग दिला होता. ती गाठ कशी सुटते ते तिने लिहून काढलं. मग तिचं उत्तर पुढच्या स्पंदांशी ताडून पाहिलं, तर एकही ठिपका चुकला नव्हता.

पल्लवीने काचेतून वर आभाळाकडे पाहिलं. तिच्या लेकीला समजून घेणारं कुणीतरी होतं, आणि ते कुठे होतं!

“मग तर तिला पुण्याला पाठवायलाच हवं,” ती म्हणाली. “एवढं सगळं आमच्या शाळेत कसं निभायचं?”

लिमयेंचंही आधी तेच मत होतं. मुजावर म्हणाले, “आज सकाळी मी सोपानचा क्रम बदललाय. सगळ्या मुलांसाठी आधी त्या स्पंदांत शोधायचं, पुस्तकांत नंतर. चला, शाळेतच जाऊ.”

वर्गात सगळ्यांच्या हातात दोऱ्या होत्या. पहिलीची मुलंही तिथेच येऊन बसली होती. त्यांना साधे वेढे आले होते. ओढल्यावर गाठ बसेल की वेढा सुटेल, एवढंच सांगायचं होतं. कुणाला त्याहून अवघड, कुणाला त्याहूनही. प्रत्येकाला आपापल्या एक पायरी पुढचा प्रश्न मिळाला होता आणि सगळे त्याच ताऱ्याकडून आले होते. गुणाकारात अडखळणारी एक मुलगी शाल्मलीला आपली गाठ दाखवत होती आणि शाल्मली तिच्याशी हिरिरीने वाद घालत होती. पल्लवीने तिला वर्गात असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

“पुस्तकं पुरत होती म्हणून इतरांसाठी सोपान त्या स्पंदांकडे कधी गेलंच नाही,” मुजावर हलकेच म्हणाले. “आम्हाला वाटत होतं, असा निरोप आला तर तो हुशारांसाठी असेल. पण ही शाळा आहे, ताई. पाठवणाऱ्याने कुणालाच वगळलेलं नाही.”

शाल्मलीने आईला पाहिलं आणि हात धरून आपल्या बाकावर बसवलं. सोपानने पल्लवीला काही सोपे प्रश्न विचारले. थोड्या वेळाने पडद्यावर रेघा आणि ठिपके उमटले. शाल्मलीने ते वाचून दाखवायला सुरुवात केली, पण पल्लवीच्या बोटांनी ते आधीच ओळखलं होतं. ती वेणी होती. रोज सकाळी ती लेकीची तिपेडी वेणी घालत असे; या वेणीला चार पेड होते आणि ती मध्येच सोडून दिलेली होती.

पल्लवीने चार दोऱ्या घेतल्या. पहिल्यांदा चुकलं. तिने सगळे पेड सोडले, पुन्हा घेतले. ते स्पंद निघाले तेव्हा तिची आजीही जन्मली नव्हती, आणि कुणीतरी, त्याला हात होते की नव्हते कोण जाणे, तिच्यासाठी ही वेणी अर्धी ठेवली होती. चौथा पेड खालून आला, वर गेला आणि जागेवर बसला.

पडद्यावर तिचा पुढचा प्रश्न उमटला.