गाडीतली हजेरी

गाडी घ्यायची ठरली ती आप्पांमुळे. म्हणजे आप्पांनी काही मागितली नव्हती. घरच्यांनी त्यांना एकदा पेट्रोल पंपावर विसरून मागे टाकलं होतं, त्याचं हे प्रायश्चित्त होतं.

झालं होतं असं, की घरात माणसं सहा आणि गाडी एवढीशी. लांब कुठे जायचं तर सुनेच्या नणंदेची गाडीही बरोबर निघायची. त्या दिवशी पंपावर सगळे पाय मोकळे करायला उतरले, पुन्हा बसले. या गाडीला वाटलं आप्पा त्या गाडीत आहेत, त्या गाडीला वाटलं या गाडीत. आणि आप्पा होते स्वच्छतागृहात. पुढचे दोन तास त्यांनी पंपावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हवा भरणाऱ्याला आपल्या नोकरीतल्या गोष्टी सांगितल्या. घरच्यांचं धाबं दणाणलं होतं. आप्पा मात्र न्यायला आलेल्यांना म्हणाले, "आलात? थांबा जरा, गोष्ट अर्ध्यावर आहे."

तेव्हा सगळ्यांनी कानाला खडा लावला. यापुढे निघायचं ते एकाच गाडीत, आणि निघण्याआधी हजेरी. वयाप्रमाणे आकडे ठरले. सासरे म्हणजे आप्पा एक, सासूबाई दोन, नवरा तीन, सारथी चार, थोरली लेक पाच आणि धाकटी चिमणी सहा. प्रत्येकाने आपला आकडा मोठ्याने म्हणायचा, आणि 'सहा' ऐकू आल्याशिवाय सारथीने गिअर टाकायचा नाही.

सारथी म्हणजे घरची सून. हे नाव आप्पांनी ठेवलेलं. गाडी घरात तीच चालवायची. नवऱ्यालाही येत होती, पण तो शेजारच्या सीटवर बसूनसुद्धा इतके ब्रेक दाबायचा, की त्याच्या हाती स्टिअरिंग द्यायला कुणी धजत नसे. सारथी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर समोरच्याला "आता स्पष्ट दिसतंय, की आता?" असं विचारायचं, हे तिचं काम. डोळ्यांवर तिचा भारी विश्वास.

सात सीटची मोठी गाडी शोधायला तीन महिने गेले. नवऱ्याने मोबाइलवर इतके व्हिडिओ पाहिले, की झोपेतही तो डिकीतल्या बूटस्पेसबद्दल बोलायला लागला. शेवटी जुन्या गाड्यांच्या एका दुकानात मनासारखी मिळाली. राखाडी रंग, आतून स्वच्छ, एकाच मालकाच्या वापरातली. सासूबाई पायरीवर तीनदा चढल्या, तीनदा उतरल्या आणि गुडघ्यांनी होकार दिल्याचं त्यांनी जाहीर केलं. चिमणी थेट मागच्या तिसऱ्या रांगेत घुसली आणि "ही माझी खोली" म्हणून मोकळी झाली. वय वर्षं सहा, पण हक्क सांगण्यात कुणाला हार जाणारी नव्हती.

"एवढी चांगली गाडी, मग विकली का त्यांनी?" सारथीने विचारलं.

"मोठी पडायला लागली म्हणाले," दुकानदार म्हणाला.

"सदरा मोठा पडतो हो," आप्पा म्हणाले. "गाडी कशी पडेल? गाडी आहे तेवढीच राहणार. माणसं कमी झाली तर गोष्ट वेगळी."

सगळे हसले. दुकानदारही हसला, पण जरा मागाहून. मग तो कागद आणायला आत गेला.

पहिले काही दिवस कौतुकातच गेले. गाडी फाटकातून आत घ्यायची म्हणजे दोन्ही आरसे मिटवायचे, नवऱ्याने पुढे उभं राहून "ये, ये, ये, बास!" करायचं, आणि ते 'बास' नेहमी वीतभर उशिरा यायचं. शेजारचे काका रोज येऊन टायरला बुटाचं टोक लावत आणि "किती देते लिटरला?" विचारत. रोजचं उत्तर एकच, तरी रोज मान हलवत. सासूबाईंनी डॅशबोर्ड पुसायला वेगळं फडकं काढलं. एकूण घरात पाहुणा आल्यासारखं वातावरण होतं.

पहिल्या रविवारी सगळे बसले. आप्पा खाकरून म्हणाले, "एक." मग दोन, तीन, चार, पाच. तिसऱ्या रांगेतून चिमणी ओरडली, "सहा!"

आणि तिच्या पाठोपाठ, अगदी हळू, कुणीतरी म्हणालं, "सात."

गाडीत हशा पिकला. "सीट सात म्हणून आकडे सात का गं?" आप्पा म्हणाले. चिमणीने शपथेवर सांगितलं, की ती नव्हे. चिमणीच्या शपथा घरात फार कुणी मनावर घेत नसत. सारथीनेही गिअर टाकला आणि ती विसरून गेली.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. मग सारथीने आरसा असा वळवला, की चिमणीचा चेहरा पूर्ण दिसावा. चिमणीने "सहा" म्हटलं, ओठ घट्ट मिटले, वर दोन बोटं आडवी धरली आणि आरशात आईकडे टक लावून पाहिलं. तिच्या शेजारच्या रिकाम्या सीटवरून आवाज आला. "सात."

 आवाज वाईट नव्हता. नव्या शाळेत पहिल्या दिवशी मूल ज्या भिडेने हजर म्हणतं, तसा होता.

"मागे पोकळ जागा आहे," नवरा म्हणाला. "आवाज घुमतो."

"घुमला तर सहा घुमेल ना रे? सात कसा घुमेल?"

यावर त्याने खिडकीची काच खाली करून पुन्हा वर केली. 

सारथी एकदा दुपारी एकटीच गाडीत जाऊन बसली. दारं लावली. बरंच धाडस गोळा करून म्हणाली, "चार." काही नाही. नव्या सीट कव्हरचा वास, कुठेतरी तापलेल्या पत्र्याची टकटक, बस्स. सगळी माणसं बसली आणि रीतसर हजेरी झाली, तरच ते बोलायचं. तिने गाडी विकायचा विषय काढला, तर सासूबाईंनी गुडघे पुढे केले आणि आप्पांनी पंप. "अगं, कुणी जास्त झालं तर बिघडलं कुठे?" ते म्हणाले. "कमी झालं की ओरडायचं."

खरं सांगायचं तर माणसाला कशाचीही सवय होते. दोन महिन्यांनी 'सात' आलं की नवराच म्हणायचा, "चला, फुल्ल!" आणि गाडी निघायची. एक गोष्ट मात्र सारथीच्या कानांना जाणवत होती, फक्त तिने ती कुणाला बोलून दाखवली नाही. तो आवाज आता भीत नव्हता. आणि दर रविवारी तो थोडा थोडा चिमणीसारखा होत चालला होता.

त्या दिवशी नणंदेच्या नव्या घरी निघाले होते. ऊन स्वच्छ, हायवे मोकळा. दुपारी बाराच्या सुमारास एका हॉटेलवर थांबले, चहा झाला, सँडविच झाली. थोरली चिमणीला हात धुवायला घेऊन गेली. चिमणी साबणाचा फेस करत बसली, तेव्हा "ये गं लवकर, मी जाते पुढे" म्हणून थोरली एकटीच आली आणि मधल्या रांगेत आजी-आजोबांशेजारी बसली. मागे बॅगांचा ढीग, नणंदेसाठी घेतलेली गुंडाळलेली सतरंजी. तिसरी रांग दिसत नव्हतीच.

"एक."

"दोन."

"तीन."

"चार," सारथी म्हणाली. सकाळपासून तिचा घसा बसला होता.

"पाच."

"सहा!"

सारथी क्षणभर थांबली. सातची वाट पाहत होती. ते आलंच नाही.

"गेलं वाटतं," नवरा हसून म्हणाला, आणि सारथीला इतकं हलकं वाटलं, की तिने गाडी हायवेवर घेताना शीळसुद्धा घातली. हजेरी सुरू झाल्यापासून मागे वळून बघायची सवयच सगळ्यांची मोडली होती. कान असताना डोळ्यांना कोण त्रास देतो?

वीसेक किलोमीटर गेल्यावर सासूबाईंनी पाण्याची बाटली मागे धरली. "चिमणे, घे." कुणी घेतली नाही. "झोपली वाटतं," त्या म्हणाल्या आणि कशाबशा मागे वळल्या. बॅगा बाजूला सारल्या. मग त्यांनी जो आवाज काढला, तो सारथीने त्यांच्या तोंडून पूर्वी कधी ऐकला नव्हता.

"आत्ता तर 'सहा' म्हणाली..." थोरली रडत होती. "मी ऐकलं... सगळ्यांनी ऐकलं..."

सगळ्यांनी ऐकलं होतं.  सात गेलं नव्हतं. त्याने फक्त आकडा बदलला होता.

पुढच्या वळणावरून तिने गाडी मागे वळवली.  परतीच्या वाटेवर नवऱ्याने एकदाही ब्रेक दाबला नाही. सारथीला समोर रस्ता दिसत होता, पण डोळ्यांपुढे होता तो साबणाचा फेस आणि दोन छोटे हात. हॉटेलवर येणारे ट्रक, कोण कुठली माणसं, हायवेचा कठडा. तिने आयुष्यात कधी मागितलं नव्हतं इतक्या कळवळून मागितलं, की पोरगी असू दे, बाकी काही नको.

पोरगी होती. गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसून बिलाच्या पाठीमागे चित्र काढत होती. सारथीने तिला उचललं, छातीशी धरलं, तिचे केस, कान, हात, सगळं चाचपलं. मग कुठे जीव भांड्यात पडला.

"रडली नाही हो जरासुद्धा," गल्ल्यावरची बाई म्हणाली. "मी म्हटलं, येतील हं घरचे. तर म्हणते, नाही येणार, त्यांचे सहा भरले."

"अगं, पण तू धावत का नाही आलीस?" सारथीने विचारलं. "हाक का नाही मारलीस?"

"धावत होते ना," चिमणी म्हणाली. "मग गाडीतून माझा आवाज आला, 'सहा'. म्हणून थांबले."

"का थांबलीस?"

चिमणीला प्रश्नच कळेना. "मला वाटलं, मी बसले."

सारथीने गाडीतल्या बॅगा स्वतःच्या हाताने बाहेर काढल्या. तिसरी रांग घडी करून आडवी पाडली, तिच्यावर बॅगा पुन्हा रचल्या, वर सतरंजी टाकली. बसायला जागाच ठेवली नाही. थोरली, आप्पा, चिमणी आणि सासूबाई अशा चौघांना मधल्या रांगेत दाटीवाटीने बसवलं. मग तिने एकेकाच्या डोक्याला हात लावून डोळ्यांनी मोजलं. नवऱ्याच्या डोक्यालासुद्धा लावला. पाच. आणि ती स्वतः, सहा.

"आज हजेरी नाही," ती म्हणाली. "आजपासून कधीच नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. तिने बेल्ट लावला, चावी फिरवली. पण आप्पांचं सगळं लक्ष चिमणीकडे होतं. इंजिन सुरू झालं तसे ते सवयीने खाकरले.

"एक."

"दोन," सासूबाईंच्या तोंडून निघून गेलं. मोबाइलवर बहिणीला निरोप लिहिता लिहिता नवरा म्हणाला, "तीन."

सारथीने ओठ आवळून धरले. ती म्हणणार नव्हती. साखळी इथेच तुटली पाहिजे होती. 

"चार."

मागून आलं, बॅगांच्या पलीकडून. तिचाच आवाज. सकाळपासून बसलेल्या घशासकट.

"पाच," थोरलीने नाक पुसत म्हटलं. "सहा," चिमणी म्हणाली. "चला, झाली हजेरी," नवरा म्हणाला, मोबाइलवरून मान वर न करता. सारथीने तोंड उघडलं. घशातून फुंकरीएवढाही आवाज निघाला नाही.

"घाबरली होतीस का गं, चिमणे?" मागून तिच्या आवाजात कुणीतरी मायेने विचारलं.

सारथीने आरशात पाहिलं. चिमणी आजीच्या खांद्यावरून मागे वळली होती, बॅगांकडे तोंड करून.

"नाही, आई," ती म्हणाली.