फोडी तिला, सालं मला

पहिल्याच भेटीत अश्वजितनं रुचिताच्या कामाला नावं ठेवली.

लाखनीजवळच्या एका बंद धानगिरणीत वेबसीरिजचं शूटिंग चालू होतं. नायिका रिताच्या गालावर रुचितानं भाजल्याचा व्रण चिकटवला, चांगला लालभडक! झाडीपट्टीच्या नाटकांत वडिलांच्या हाताखाली रंगभूषा शिकलेली पोरगी ती. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही जखम दिसली पाहिजे, हीच शिकवण. आणि हा कॅमेरावाला तो गाल मॉनिटरवर परातीएवढा करून म्हणतो कसा,

"हे तं प्लास्टिक दिसून राहिलं. चामडीले छिद्रं असतात, रुचिता."

राग आला... आणि त्याचं ते डोळे बारीक करून बघणं आवडलंही. झालं, तिथंच फसली बिचारी!

मग तिनं युक्ती काढली. संत्र्याच्या सालीवर लॅटेक्सचं पातळ रबर लावायचं, सुकलं की ठसा सोलून घ्यायचा आणि व्रणाच्या मेणावर दाबायचा. हुबेहूब छिद्रं!

दुसऱ्या दिवसापासून अश्वजित रोज संत्री आणू लागला — आणि द्यायचा रिताला. ती एक डोळा मिटून फोडी चोखायची. नखरा नुसता! सालं तेवढी रुचिताच्या टेबलावर यायची.

'फोडी तिला, सालं मला!' रुचिता नुसती जळफळायची. वर दिवसभर याचा कॅमेरा रिताच्याच गालावर. जळो मेला तो गाल... तोही आपणच जाळलेला!

मोठ्या क्लोजअपच्या सकाळी तिनं सालं कचऱ्यात फेकली आणि गुळगुळीत व्रण लावून दिला. मॉनिटरवर पुन्हा प्लास्टिक. दिग्दर्शक मधुकरराव भडकले, "एका तासात जमव, नाहीतर मी नागपूरहून दुसरा मेकअपवाला बोलावतो."

रुचिताचे डोळे भरून आले. अश्वजित जवळ आला.

"काहून केलं असं?"

"रिताले विचारा! तिच्यासाठीच आणता ना संत्री? सोलून चारा आता!"

"तिच्यासाठी?" तो बघतच राहिला. "अवं, लोकं गोड संत्रं पाहून घेतात. मी जाड, खरबरीत सालीचं चाचपत बसतो. ठेलेवाला मले येडा समजते. साल तुयासाठी आणतो मी... आतलं आंबटढाण असते, रिताशिवाय कोणी खात नाही."

"मंग फोडीचं मले काहून नाही विचारलं?"

"संत्र्यानं दात आंबतात, असं तूच म्हणली होती... पहिल्या दिवशी."

म्हणाली होती खरी. दुसऱ्याच कुणाला तरी, जाता जाता. आणि यानं ते लक्षात ठेवलं होतं!

त्यानं खिशातून एक संत्रं काढलं. तिनं ते सोललं, सालीवर लॅटेक्स लावलं, हेअर ड्रायर त्याच्या हातात दिला आणि एक फोड तोंडात टाकली. तिचाही एक डोळा आपोआप मिटला.

"थुक ना!" तो हसला.

ती थुकली नाही. ठसा सुकेपर्यंत तिनं अख्खं संत्रं संपवलं, त्याच्याकडे बघत.

क्लोजअप पहिल्या टेकमध्ये पास झाला. मधुकरराव रिताला विचारत होते, "खरंच भाजलं नाही ना गं?"

"उद्या गोड आणतो तुयासाठी," अश्वजित हळूच म्हणाला.

"नको. खरबरीतच आणा. आतलं मी खाईन..." रुचिता लाजली, पण बोलल्याशिवाय राहिली नाही. "रिताले एक फोडसुद्धा द्याची नाही!"