पुलाखालचं उष्टं पाणी

हरीओमशी माझं लग्न झालं. मंगलाष्टकं चालू असताना जनरेटर बंद पडला, आणि बोहल्यावर दोन इंजिनिअर उभे असून कुणी आम्हाला विचारलंसुद्धा नाही. असो. हे झालंच नाही असं समजा. कारण तो पहिल्यांदा दिसला तेव्हा माझ्या मनात लग्न नव्हतं, त्याला कालव्यात ढकलणं होतं.

मेडशीजवळचा आमचा कालवा. हिवाळ्यात गहू-हरभऱ्यासाठी बारा दिवस पाणी सुटायचं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून मी त्यात पंखा सोडला होता. धारेनं फिरायचा, डायनॅमो चालवायचा, बल्ब पेटवायचा. लहानशा पुलाच्या कठड्याला, पाणी येतं त्या वरच्या अंगाला, दोरांनी बांधलेला. दुसऱ्या दिवशी बघते तर खालच्या अंगाला, अगदी माझ्या पंख्याच्या पाठीमागं, आणखी एक पंखा! आणि त्याच्याकडं नाराजीनं बघणारा एक लांबलचक मुलगा. पॅन्ट गुडघ्यापर्यंत, कानाला शेवाळ.

"ओ मॅडम, तुमच्या पंख्यानं माहं पाणी खाल्लं."

"मी काय पाणी गिळून राह्यली का? जाते ना ते पुढं."

"जाते. पण उष्टं जाते."

हा हरीओम, शेलूबाजारचा. प्रोजेक्टसाठी मेडशीला मामाकडं येऊन राहिलेला. शेतकऱ्याचं पोरगं, वरच्यानं पाणी अडवलं की चौकीदाराकडं जायचं, एवढं त्याला पक्कं ठाऊक. तो खरंच कालव्याच्या चौकीदाराला, रामरावकाकांना, घेऊन आला. काकांनी काठी पुलाच्या वर बुडवली, मग खाली बुडवली.

"वरतं बी दोन फूट, खालतं बी दोन फूट. चोरी कुठं हाये, बाबू?"

"काका, पाणी तेवढंच हाये... जोर गेला त्याचा."

काकांच्या रजिस्टरात जोराचा रकाना नव्हता. मग त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. पाळी लावली. सोम-बुध-शुक्र पोरीचा पंखा, मंगळ-गुरु-शनि पोराचा. "आन् रविवारी पाण्याले आराम." दोघांच्या सह्या घेतल्या.

आदेश स्पष्ट होता. म्हणून आम्ही दोघंही रोज यायला लागलो, आणि दोन्ही पंखे रोज पाण्यातच राहिले.

तो भाजलेला हरभरा आणायचा, सोलून माझ्या बाजूला ठेवायचा, आणि त्याच हातानं माझ्या पंख्याकडं बोट दाखवून भांडायचा. पाणी बोलत राहायचं. माझा पंखा गरगर फिरायचा; त्याचा, विचारात पडल्यासारखा, अर्धा वळून थांबायचा.

उपाय मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. पंख्यातून गेलेलं पाणी दमतं, भोवरे घेत चालतं. बरंच पुढं गेल्यावर आजूबाजूचं ताजं पाणी मिसळतं, तेव्हा कुठं सावरतं. पण पंख्याच्या बाजूनं जाणारं पाणी उलट जोरात पळतं! म्हणजे कठड्यावर त्याचा दोर दोन हात सरकवला की झालं. दोन हात. मी सांगितलं नाही. भांडण मिटलं असतं... आणि माणूस शेलूबाजारला गेला असता.

मी नालायक आहे ही नोंद मात्र मी वहीत केली नाही.

अकरावा दिवस. उद्या संध्याकाळी पाणी बंद, परवा त्याची परीक्षा, आणि त्याच्या वहीत सगळी शून्यं असणार. तो कठड्यावर वाकला होता. पाण्यावरून उठलेलं ऊन त्याच्या गळ्यावर हलत होतं. माझ्यामुळं हा नापास होणार होता.

"हरीओम... एक सांगायचं हाये. तुमी रागावसान."

"ढकलणार असान तर चप्पल काढू द्या."

"तुमचा पंखा दोन हात बाजूला घ्या. फिरते. मले... पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

त्यानं पिशवीतून वही काढली, पान उघडून माझ्यापुढं धरली. आकडेच आकडे. एकही शून्य नाही.

"तिसऱ्या दिवशी तुमी जेवाले गेल्या, तवा सरकवला होता. असा फिरला — तुमच्यापेक्षा जोरात! सारं लिहून घेतलं."

"मंग?"

"मंग... वापस आणून तुमच्या मागं बांधला."

"काहून?"

त्याचा शेवाळवाला कान लाल झाला.

"तुमच्या मागं बरं वाटते... फिरलो नाही तरी."

मी उठले. त्याचा दोर सोडला, दोन हात सरकवून बांधला. दोन्ही बल्ब पेटले. भर दुपारी, उन्हात दिसेनात. मी तळव्यांची सावली धरली. पुरेना. मग त्यानं माझ्या तळव्यांवर आपले तळवे धरले... पुरली.

आता तिथं कालवा नाही. पाणी जमिनीखालच्या पाइपातून जातं. पूल तेवढा राहिलाय, कोरड्या चरावर. दरवर्षी आम्ही तिथं एसटीतून उतरतो आणि कठड्याच्या दोन अंगांना उभे राहतो. लोक बघतात. सबब, हा अर्ज:

प्रति, शाखा अधिकारी, पाटबंधारे विभाग. महोदय, सदर ठिकाणचा पाइप एका दिवसाकरिता उकरून कालवा पूर्ववत करावा व त्यात दोन फूट पाणी सोडावे. पाळी दोघांच्या नावे एकाच दिवशी लावावी. रविवार असल्यास पाण्याचा आराम रद्द समजावा. काम होताच सर्व पाणी परत करण्यात येईल. काठीने मोजून घ्यावे. कमी भरणार नाही. थोडे उष्टे असेल.